वरलेला आघात

पूर्वजांवर कोसळलेल्या एखाद्या मोठ्या संकटाची सामूहिक प्रतिमा समाजाच्या ओळखीचा आधार बनते, तेव्हा तिला राजकीय मानसशास्त्रात ‘वरलेला आघात’ म्हणतात. मूळ इंग्रजी संज्ञा ‘चोझन ट्रॉमा’ अशी आहे. हे संकट पराभवाचे, कत्तलीचे किंवा देशोधडीला लागण्याचे असू शकते. असला घाव कोणी मागून घेत नाही, म्हणून ‘वरलेला’ या शब्दावर पुष्कळांनी आक्षेप घेतला आहे. मात्र घाव सोसणारी पिढी वेगळी आणि तोच घाव आपली खूण म्हणून पत्करणारी पिढी वेगळी असते. वरते ती ही दुसरी पिढी. युद्धापूर्वी माणसांची मने कशी तयार होतात, हे समजून घ्यायला या संकल्पनेइतके उपयोगी साधन क्वचितच सापडते.

ती मांडली वामिक वोल्कान या मनोविश्लेषकाने. त्याचा जन्म १९३२ मध्ये सायप्रसमधील निकोसिया येथे एका तुर्की कुटुंबात झाला. पुढे तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. ग्रीक आणि तुर्की शेजाऱ्यांमधला रक्तपात त्याच्या जन्मभूमीनेच पाहिला होता. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी १९७७ मध्ये इस्रायलच्या संसदेत भाषण करताना, अरब-इस्रायली प्रश्नाचा सत्तर टक्के भाग मनातल्या भिंतीचा आहे, असे सांगितले. त्यानंतर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना समोरासमोर बसवण्याचा उपक्रम हाती घेतला. वोल्कान त्यात होता, आणि त्याची मांडणी अशा बैठकींच्या अनुभवातून घडत गेली.

तिचे मूळ शोकात आहे. घरातले माणूस गेले की सुतक पाळतात, दिवस करतात, आणि तेराव्यानंतर घर हळूहळू कामाला लागते. गेलेला गेला हे मन स्वीकारते. पण हानीबरोबर अपमान आणि असहायताही आली, तर समाजाला हा शोक पुरा करता येत नाही. मग अपुरे राहिलेले काम मुलांच्या अंगावर येते. आम्हाला रडता आले नाही, तुम्ही रडा; आम्हाला फेड करता आली नाही, तुम्ही करा. हे कोणी बोलून दाखवत नाही; गाण्यांतून, सणांतून, आजीच्या गोष्टींतून ते पोचते. दोन-चार पिढ्यांत मूळ घटनेचा तपशील मागे पडतो आणि ‘आपण कोण’ याचे उत्तर देणे एवढेच तिचे काम उरते. वोल्कानने राष्ट्रीय ओळखीला मोठ्या तंबूची उपमा दिली आहे. नेता हा मधला खांब, तर कापड सगळ्यांचे मिळून. एरवी त्या कापडाकडे कोणाचे लक्ष नसते. वारा सुटला, कापड फडफडू लागले की मात्र जो तो स्वतःचे काम सोडून ते धरायला धावतो.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण सर्बियाचे आहे. जून १३८९ मध्ये कोसोव्होच्या मैदानावर सर्ब राजा लाझार आणि उस्मानी तुर्कांचा सुलतान मुराद पहिला यांच्यात लढाई झाली. दोघेही मारले गेले. निकाल त्या वेळी इतका अस्पष्ट होता, की बोस्नियाचा राजा त्वर्तको याने फ्लोरेन्सला विजयाची वार्ता कळवली. सर्ब सत्ता त्या दिवशी बुडाली नाही. तिची शेवटची राजधानी स्मेदेरेव्हो पडली ती १४५९ मध्ये. लाझारचा मुलगा स्टेफान सुलतानाचा मांडलिक होऊन त्याच्या बाजूने लढला, आणि मुलगी ओलिव्हेरा मुरादचा मुलगा बायेझिद याला दिली गेली. आठवणीत यातले फारसे उरले नाही. चर्चने लाझारला संत केले. त्याने पृथ्वीवरचे राज्य सोडून स्वर्गाचे राज्य पत्करले, असे गुसले या एकतारी वाद्यावर गाणारे शाहीर सांगत राहिले. एकोणिसाव्या शतकात लोकगीते गोळा करणाऱ्या वूक काराजिच याने ही गाणी छापली आणि गावोगावचे दुःख राष्ट्राचे दुःख झाले. माँटेनेग्रोच्या टोपीची काळी कड कोसोव्होच्या सुतकाची, असे तिथले लोक आजही सांगतात.

लढाईचा दिवस आजच्या पंचांगाप्रमाणे २८ जून, म्हणजे विदोव्दान हा सर्बांचा सण. १९१४ मध्ये याच दिवशी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या. लढाईला सहाशे वर्षे होत आली तेव्हा लाझारच्या अस्थींची पेटी सर्ब गावांतून फिरवण्यात आली आणि लोक काल माणूस गेल्यासारखे रडले. २८ जून १९८९ रोजी रणभूमीवरील गाझिमेस्तान या स्मारकस्थळी लाखोंच्या जमावापुढे सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच बोलला. आज पुन्हा आपण लढायांत आहोत, त्या सशस्त्र नाहीत, पण तशाही होणारच नाहीत असे म्हणता येत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. वोल्कान याला ‘काळाचे कोसळणे’ म्हणतो. तेव्हाची भीती आणि आजची भीती यांच्यातले अंतर पुसले जाते. बोस्नियातले मुसलमान हे सर्बांचीच भाषा बोलणारे शेजारी होते, आणि १३८९ मध्ये बोस्नियाची तुकडी लाझारच्या बाजूने लढली होती. तरीही बोस्नियाच्या युद्धात, जुलै १९९५ मध्ये, स्रेब्रेनित्सा या मुसलमान वस्तीच्या गावात शिरताना बोस्नियातील सर्बांचा सेनापती रात्को म्लादिचने कॅमेऱ्यासमोर ‘तुर्कांवर’ सूड घेण्याची वेळ आल्याचे सांगितले. पुढच्या काही दिवसांत सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. सर्बिया आणि बोस्निया ज्यात होते त्या युगोस्लाव्हियात त्या काळात महागाई भडकली होती, संघराज्य खिळखिळे झाले होते, दूरदर्शन आणि वर्तमानपत्रे सत्तेच्या मुठीत होती. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातील यासेनोवात्सच्या छावणीत झालेली सर्बांची कत्तल पाहिलेले लोक हयात होते, आणि ही भीती सहाशे वर्षे जुनी नव्हती. शिवाय सगळ्या समाजाचे जणू एकच मन आहे असे धरले, तर युद्धाविरुद्ध बेलग्रेडच्या रस्त्यावर उतरलेल्या सर्बांना जागा कुठे देणार? आघात आपोआप जागा होत नाही, त्याला कोणीतरी जागे करावे लागते, हे वोल्कानलाही मान्य आहे. त्यामुळे जागे करणाऱ्याची जबाबदारी या सिद्धान्ताने हलकी होत नाही.

मराठी वाचकाला इथे पानिपत आठवणारच. १४ जानेवारी १७६१ चा पराभव भाषेतच मुरला आहे: एखाद्या कामाचे ‘पानिपत’ होते, कोणावर ‘संक्रांत’ येते, आणि ‘विश्वास पानिपतातच गेला’ हा श्लेष आपण सहज करतो. तरी पानिपत हे मराठ्यांचे कोसोव्हो झाले नाही. याचे मोठे कारण माझ्या मते असे, की ज्या पिढीने मार खाल्ला तिनेच पुढची बाजू सावरली. पानिपतावर जायबंदी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांच्या सहभागाने १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हाती आली, आणि पुढच्याच वर्षी रोहिल्यांचा पत्थरगड पडला. नातवंडांसाठी फेडायचे देणे फारसे उरले नाही.

शोक मात्र घरांत राहिला. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. रणातून परतलेल्या पार्वतीबाईंनी आपले पती, पानिपतावरचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब गेले हे अखेरपर्यंत मानले नाही. सुखनिधान नावाचा माणूस स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला, तेव्हा लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. १७७६ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनंतर, त्याच्या मागे कोकणात फौज जमली आणि किल्ले त्याच्या हाती गेले. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

पानिपतजवळ काला आंब येथे स्मारक आहे. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून लोक तिथे जातात. त्यांच्याबरोबर हरियाणातील रोड समाजाचे लोकही जमतात. पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, अशी ओळख त्यांच्यातील अनेकांनी गेल्या काही दशकांत पत्करली आहे.