क्लास ३७ की क्लास ४०? नाक सोडा, चाकं मोजा

ब्रिटिश रेल्वेच्या डिझेल काळातले फोटो बघताना हमखास घोळ होतो तो क्लास ३७ आणि क्लास ४० या दोन इंजिनांत. दोन्ही इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची, दोन्हींना पुढे आलेलं बोजड नाक. बहुतेक इंजिनं बांधली गेली तीही एकाच ठिकाणी, इंग्लंडमधल्या न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात. (आपल्या मुंबई-पुणे मार्गावर पूर्वी धावणारी डब्ल्यूसीएम-१ विद्युत इंजिनंही तिथलीच.)

नाकावरच्या हेडकोडच्या (गाडीचा सांकेतिक क्रमांक दाखवणाऱ्या) पेट्यांवर विसंबू नका. सुरुवातीच्या ३७ वर त्या दोन बाजूंना दोन, नंतरच्यांवर मधोमध एकच. ४० मध्येही हे दोन्ही प्रकार आहेत. पहिल्या १२५ इंजिनांवर मात्र पेटीऐवजी गोल तबकड्या.

खरी ओळख खाली आहे. ३७ च्या प्रत्येक बोगीला (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) तीन आस, तिन्हींवर मोटर. ४० च्या बोगीला बाहेरच्या टोकाला चौथा आस असतो, लहान चाकांचा आणि बिनमोटरचा. तो फक्त भार पेलायला, कारण इंजिनाचं वजन सुमारे १३३ टन. ३७ शंभर टनांच्या थोडं वर, त्यामुळे सहा आसांवर भागलं.

१९५८ मध्ये आलेल्या ४० ला १६ सिलिंडर आणि २००० अश्वशक्ती. १९६० पासूनच्या ३७ ला १२ सिलिंडर, तरी १७५० अश्वशक्ती! टर्बोने (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने) दाबलेली हवा थंड करून सिलिंडरमध्ये सोडायची सोय तिच्यात होती. थंड हवा दाट, म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जळतं. माझ्या मते ३७ इतकी टिकली ती या हलकेपणामुळेच. ४० ची नियमित सेवा १९८५ मध्ये संपली, ३७ आजही गाड्या ओढताना दिसते. आवाजात मात्र मला ४० च आवडते. तिच्या टर्बोची शिट्टी लांबूनच ओळखू येते, ३७ नुसती गुरगुरते.

रेल्वेच्या छोट्या मॉडेलमध्ये फरक मोजताच येतो. ओओ स्केलला (खऱ्याच्या १/७६ आकाराला) ४० सुमारे २७८ मिमी, ३७ सुमारे २४६ मिमी. शिवाय ४० चे बफर (टोकाचे धक्के झेलणारे दांडे) बॉडीला नाही, बोगीला जोडलेले. त्यामुळे तीव्र वळणावर ते नाकाखालून बाजूला सरकलेले दिसले तर मॉडेल बिघडलंय असं समजून चिकटवून टाकू नका. खऱ्या इंजिनातही ते बोगीबरोबरच फिरतात. जुनं मॉडेल विकत घेताना विक्रेत्याने फक्त समोरचा फोटो पाठवला असेल, तर बाजूचा मागून घ्या आणि एका बोगीचे आस मोजा.