सिग्नलजवळचे वीस मीटर

सिग्नलवर काचा लावून गाडीत बसलेला माणूस आणि तिथेच दिवसभर हातगाडी ढकलणारा माणूस यांच्यासाठी शहराचा प्रदूषणाचा आकडा एकच असतो. आता हिशेब करून बघा. बसलेला माणूस मिनिटाला साधारण 8 लिटर हवा आत घेतो, म्हणजे 20 मिनिटांच्या प्रवासात 160 लिटर. गाडी ढकलताना, माल उचलताना हेच प्रमाण सहज 25 लिटरवर जातं. 8 तासांत 12,000 लिटर. हवा दोघांची सारखी धरली तरी फरक 75 पटींचा. ती सारखी नसतेच म्हणा: आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं की गाडीत शिरणारे कण बरेच कमी होतात.

राहत्या घराचंही तसंच. काजळी आणि 0.1 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला सर्वांत जास्त असतात, पहिल्या 100-150 मीटरमध्ये झपाट्याने घटतात आणि 300 मीटरच्या आसपास शहराच्या इतर हवेत मिसळून जातात. वारा त्यांना विरळ करतो, शिवाय ते एकमेकांना चिकटतात, त्यामुळे संख्या घटते. नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू जरा सावकाश उतरतो, कारण त्यातला बराचसा धूर गाडीच्या नळीतून निघाल्यावर, नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ पडून वाटेत तयार होतो. रस्त्याला लागून असलेल्या गोंगाटाच्या खोलीचं भाडं कमी, म्हणून तिथे कोण राहणार हे खिसा ठरवतो. मिचेल आणि डॉर्लिंग या संशोधकांनी 2003 साली ब्रिटनबद्दल हेच दाखवलं: ज्या वस्त्यांत गाड्या कमी, त्याच वस्त्यांच्या वाट्याला धूर जास्त.

मग हे आकड्यांत का दिसत नाही? शहराच्या आकड्यातलं पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रॉन आणि त्याहून लहान कण, हे वजनाचं माप आहे. 2.5 मायक्रॉनच्या एका कणाइतकं वजन भरायला 0.1 मायक्रॉनचे 15,625 कण लागतात. डिझेलच्या धुरात असे कण असंख्य, पण तराजूत ते जवळजवळ शून्य. स्वस्त सेन्सरही इथे फसतात. प्रकाशावर चालणाऱ्या या यंत्रांना साधारण 0.3 मायक्रॉनखालचं दिसत नाही, आणि दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले कण ती धूळ म्हणून मोजतात.

वस्तीपातळीवर नायट्रोजन डायऑक्साइडच्या डिफ्यूजन ट्यूब अधिक उपयोगी. बोटाएवढी नळी, टोपणात रसायन लावलेली जाळी, वीज नको. एक रस्त्याच्या कडेला, एक 50 मीटरवर, एक 150 मीटरवर, तिन्ही सारख्याच उंचीवर, तोंड खाली करून 2 ते 4 आठवडे टांगायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ टांगलेली नळी रस्त्याची हवा सांगत नाही, आणि ही चूक हमखास होते.

उपायांत सर्वांत स्वस्त म्हणजे अंतर. बसथांबा, शाळेचं फाटक, विक्रेत्यांची जागा चौकापासून मागे सरकवावी, कारण थांबून पुन्हा वेग घेताना इंजिन सर्वाधिक धूर ओकतं. रस्ता आणि पदपथ यांच्यामध्ये दाट, बुटकं कुंपण चांगलं. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत मात्र डेरेदार झाडांचं छत धूर खालीच कोंडून ठेवतं.

नीट बसलेला एन-95 मास्क कण अडवतो, नायट्रोजन डायऑक्साइड त्यातून आरपार जातो. ओझं ओढताना तो लावून दमही पुरत नाही. त्यामुळे ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हनुवटीवर तो उतरलेला दिसतो.