ऑटोमाउंट (लिनक्स)

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडताच तिच्यातली फाइल सिस्टिम डिरेक्टरींच्या झाडात आपोआप जोडणे आणि काम संपल्यावर ती सोडवणे, म्हणजे ऑटोमाउंट. विंडोजसारखी सी, डी ही ड्राइव्हची अक्षरे लिनक्समध्ये नसतात. प्रत्येक डिस्क कोणत्या तरी डिरेक्टरीवर माउंट व्हावी लागते. जोडण्याचे काम आता जवळजवळ पूर्ण स्वयंचलित झाले आहे. सोडवण्याचे झालेले नाही, कारण पेनड्राइव्ह उपटल्याचे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) तो उपटल्यावरच कळते.

पेनड्राइव्ह लागला की कर्नल त्याला /डेव्ह/एसडीबी, त्यातल्या विभाजनाला /डेव्ह/एसडीबी१ असे नाव देतो आणि तशी वर्दी सोडतो. यूडेव्ह ही उपकरणांची नोंद ठेवणारी सेवा ती ऐकून फाइल सिस्टिमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळखक्रमांक) वाचून ठेवते. इथवर काहीही माउंट झालेले नसते. ग्नोम, केडीईसारखा डेस्कटॉप मग डी-बसवरून (प्रोग्रॅमांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवरून) डिस्क माउंट करणाऱ्या यूडिस्क्स सेवेला विनंती करतो. पोलकिट परवानगी तपासते: संगणकासमोर बसलेल्याला सहसा पासवर्ड विचारला जात नाही, एसएसएचने (नेटवर्कवरून) आलेल्याला विचारला जातो. फेडोरात डिस्क /रन/मीडियाखाली, तर डेबियन-उबुंटूत /मीडियाखाली वापरकर्त्याच्या नावाच्या डिरेक्टरीत दिसते. नोसूइड व नोडेव्ह हे सुरक्षेचे पर्याय आपसूक लागतात. नुसता विंडो मॅनेजर वापरणारे यूडिस्की हा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवतात.

डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर ऑटोएफएस ही सेवा किंवा सिस्टिमडी (संगणक सुरू करून सेवा चालवणारी व्यवस्था) वापरतात. दोन्हींत डिस्क जोडताक्षणी नव्हे, तर तिच्या डिरेक्टरीत कोणी डोकावले की माउंट होते. ऑटोएफएस ठरावीक काळ, सहसा ३०० सेकंद, वापर नसला की ती सोडवते. सिस्टिमडीत ही मुदत स्वतः लिहावी लागते, नाहीतर डिस्क जोडलेलीच राहते. एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीच्या फाइलमध्ये) एसडीबी१ लिहू नये, यूयूआयडी लिहावा. जोडण्याचा क्रम बदलला की एसडीबीची एसडीसी होते. एफस्टॅबमधल्या साध्या माउंटच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) राहून गेले आणि डिस्क लावलेली नसली, तर संगणक सुरू होताना ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातो.

यूडेव्हच्या नियमातच माउंटची आज्ञा लिहिणे ही नेहमीची चूक. आज्ञा यशस्वी झाली तरी डिस्क कुठेच दिसत नाही, कारण यूडेव्हचा डिमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या वेगळ्या यादीत, चालतो. नियमातून सिस्टिमडी-माउंट ही आज्ञा बोलवावी.

सोडवण्यातली खरी अडचण कॅशची. कॉपीची पट्टी १०० टक्के दाखवते तेव्हा बराच मजकूर अजून रॅममध्येच असू शकतो. रॅममधली बदललेली पाने (मजकुराचे तुकडे) साधारण ३० सेकंदांनी जुनी धरली जातात आणि मग डिस्कवर लिहायला निघतात. स्वस्तातल्या पेनड्राइव्हला त्यापुढेही मिनिटे लागतात. अनमाउंट अडकल्यासारखे वाटते ते यामुळे, तेव्हा थांबावे. ‘सिंक’ (प्रत्येक बदल लगेच लिहिण्याच्या) पर्यायाने हे टळते, पण फॅट या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचा तक्ता पुनःपुन्हा लिहिला जाऊन वेग पडतो आणि फ्लॅश झिजते. फॅटसाठी यूडिस्क्स ‘फ्लश’ (नेहमीपेक्षा लवकर लिहिणे) वापरते, तो मधला मार्ग बरा.

‘टार्गेट इज बिझी’ असा संदेश आला तर एखादी फाइल उघडी असते, किंवा एखादे टर्मिनल त्याच डिरेक्टरीत उभे असते, आणि बहुतेकदा ते आपलेच असते. फ्यूजर किंवा एलएसओएफ या आज्ञा दोषी प्रक्रिया दाखवतात. ‘उमाउंट’ला (आज्ञेत ‘अन’चा ‘न’ नाही) ‘-एल’ जोडून लेझी अनमाउंट केले तर डिस्क झाडावरून दिसेनाशी होते, पण उघड्या फाइलींवरचे लेखन चालूच राहते. ती उपटायला मोकळी झाली असे समजू नये.

हाताने माउंट केलेल्या फॅट पेनड्राइव्हवर देवनागरी फाइलनावांऐवजी प्रश्नचिन्हे दिसली, तर ‘यूटीएफ८’ पर्याय राहिलेला असतो. यूडिस्क्स तो स्वतःच देते. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) डिस्कवर लिहिता येत नसेल, तर विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट बंद झाल्याची शक्यता मोठी. ती डिस्क विंडोजमध्ये लावून, विंडोज पूर्ण बंद करून आणावी.