जिभेच्या तारेच्या तपासणीला येताना बाळाला पोटभर पाजून आणू नका

फोनवर सांगतो, चिठ्ठीवर लिहितो, तरी रोज एखादं बाळ पोटभर पिऊन गाढ झोपलेलं येतं. रिक्षात रडू नये म्हणून निघताना पाजलेलं असतं. मग त्याला भूक लागेपर्यंत तुम्ही दोन तास बाकावर, आणि तुमच्या मागचे नंबर खोळंबलेले.

जिभेखालची तार, म्हणजे जिभेला खाली बांधणारा पातळ पडदा, सगळ्यांनाच असते. ती आखूड किंवा टोकापर्यंत आलेली असली, की रडताना जिभेचं टोक पत्त्यांतल्या बदामासारखं दिसतं. मोबाइलवर फोटो काढून पाठवता, पण नुसत्या दिसण्यावर आम्ही कात्री लावत नाही. बाळ पिताना बघावं लागतं: तोंड किती उघडतं, जीभ खालच्या हिरडीवर येते का, टक्‌टक् आवाज होतो का, गिळल्याचं ऐकू येतं का, सुटल्यावर स्तनाग्र चेपलेलं दिसतं का. पोट भरलेलं बाळ यातलं काही दाखवत नाही.

तसंच आईचं. सव्वा महिना झाला नाही म्हणून आजी एकट्याच बाळ आणि बाटली घेऊन येतात. आजींचा मान राखून सांगतो, ती तपासणी अर्धीच होते. दवाखाना तळमजल्यावर आहे, बाळंतिणीला आडवं व्हायला वेगळी खोली आहे.

‘काही केलं नाही तरी फी घेता’ अशी तक्रार येते. घेतो. कारण बऱ्याच बाळांचं काम धरण्याची पद्धत बदलून भागतं, आणि ते शिकवायला आमच्या ताईंचा पाऊण तास जातो. तार आखूड दिसणाऱ्या निम्म्याहून कमी बाळांनाच दूध ओढायला त्रास होतो, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये म्हटलं आहे.

कापायची गरज असेलच, तर तान्ह्या बाळाचं काम काही सेकंदांचं. दोनचार थेंब रक्त येतं आणि लगेच अंगावर पाजायचं, म्हणजे इथेही बाळ भुकेलंच हवं. लेझर आमच्याकडे नाही. कात्रीपेक्षा त्याने जास्त फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. जन्मल्यावर व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन दिल्याची नोंद मात्र आणा. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

नंतर जिभेखाली पांढरट-पिवळा डाग दिसतो. तो पू नव्हे, जखम भरतेय. त्यावर मधात उगाळलेलं वेखंड लावू नका; वर्षाच्या आत मध नकोच. रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा बाळ पीत नसेल, तर रात्रीसुद्धा फोन करा.

वरच्या ओठाची तार बहुतेक बाळांत ठळक दिसते. ती आम्ही कापत नाही. तिच्यामुळे पडते म्हणतात ती पुढच्या दातांतली फट पुष्कळदा अकरा-बारा वर्षांपर्यंत, पक्के सुळे येताना मिटते.

मोठं मूल बोलतच नसेल तर दोष जिभेवर टाकण्याआधी कान तपासा. बोलतं, पण र, ळ, ड अडखळतात आणि जीभही वर जात नाही, असं असेल तर आधी वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवू. मोठ्या मुलांना भूल द्यावी लागू शकते, म्हणून घाई नको.

नंबर लावताना बाळ शेवटचं कधी प्यायलं ते सांगा, त्या हिशेबाने वेळ देतो. वजन घटत असेल तर मात्र उपाशी ठेवू नका, मधला नंबर देऊ. वाटेत फारच रडलं तर दोन घोट पाजा, पण झोपू देऊ नका.