आवाज पंपाचा की फळीचा?

फिशटँकचा पंप दुकानात ऐकून घेण्यात काही अर्थ नसतो. क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी आजूबाजूला डझनभर मोटरी चालू, घासाघीस चालू, बाहेर रहदारी. तिथे कुठलाही पंप ‘एकदम सायलेंट’ असतो. तोच घरी आणून शोकेसवर ठेवला आणि रात्री टीव्ही बंद झाला, की घरघर कानात बसते. ती दिवसभर असतेच, फक्त तिला झाकणारे बाकीचे आवाज तेव्हा थांबलेले असतात.

‘ऑक्सिजनची मोटर’ म्हणून जी डबी मिळते तिच्यात फिरणारं काहीच नसतं. आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, त्यासमोर एका पट्टीच्या टोकाला बसवलेलं चुंबक आणि पट्टीला जोडलेला रबरी पडदा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून चुंबकही सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे खेचलं जातं आणि पडदा आतबाहेर होऊन हवा ढकलतो. म्हणजे ५० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे सूर निघणारच. हा बिघाड नव्हे, यंत्राचं कामच तसं आहे.

गंमत अशी, की ५० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी जवळपास ७ मीटर असते. मुठीएवढी डबी असा आवाज खोलीभर पसरवू शकत नाही. ते काम तिच्याखालची प्लायवूडची फळी करते. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा जसा आवाज देतो, तसा. खात्री करायची असेल तर चालू पंप फळीवरून उचलून हातात धरा. घरघर निम्म्याहून खाली आल्यासारखी वाटते. परत ठेवा, परत हजर. त्यामुळे जास्तीचे पैसे घालून दुसरा पंप आणण्याआधी आहे तो दोरीने टांगून बघा, भिंतीला टेकू न देता. नाहीतर जाड स्पंजवर ठेवा. खालची रबरी बुटं काही वर्षांत दगडासारखी होतात आणि मग त्यांचा उपयोग शून्य. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल, तर नळीत एकेरी झडप हवीच. वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

हवा जास्त वाटते म्हणून नळी चिमटणं किंवा तिच्यावरचा खटका आवळणं हा सर्रास होणारा प्रकार. हवेला वाट कमी मिळाली की पडद्याला उलट दाबाविरुद्ध काम करावं लागतं. आवाज वाढतो आणि रबर लवकर फाटतं. त्यापेक्षा नळीला फाटा काढणारा जोड लावून जादा हवा बाहेर सोडावी. नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणारा जो सच्छिद्र ‘हवेचा दगड’ असतो, तो शेवाळाने बुजला तरी हाच त्रास होतो. तो बदलायला फार खर्च येत नाही, पण कोणी बदलत नाही.

मुळात हा पंप हवाच का, हेही विचारायला हवं. पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. बुडबुड्यांचं मोठं काम म्हणजे पाणी ढवळून वर आणणं. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. वैशाखात पृष्ठभाग हलता ठेवणं म्हणूनच जास्त गरजेचं. पण पाण्यात बुडवायच्या पंपाचं तोंड पृष्ठभागाच्या जरा खाली वळवून ठेवलं तर हे काम बुडबुड्यांच्या बुडबुडीशिवाय होतं.

या बुडवायच्या पंपात मात्र खरोखर काहीतरी फिरतं: चुंबकाचा रोटर, त्याच्या टोकाला पाती आणि मधून जाणारी बहुधा सिरॅमिकची बारीक दांडी. साध्या एसी पंपाचा रोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेला असतो, मिनिटाला साधारण ३००० फेरे. वरचं बटण फिरवल्याने वेग कमी होत नाही, फक्त पाण्याची वाट अरुंद होते. आवाज कमी करायला ते बटण फिरवत बसणाऱ्यांच्या हाती म्हणूनच फारसं काही लागत नाही. डीसी पंपात वेग खरोखर कमी करता येतो. वेग निम्मा केला की पाणी निम्मं होतं, पण लागणारी शक्ती एकअष्टमांशावर येते. खळखळ आणि कंपही त्याबरोबर उतरतात. बेडरूममध्ये टाकी असेल किंवा टाकी तीन फुटांच्या पुढची असेल, तर डीसीवर पैसे घालावेत. दोन फुटी टाकीसाठी मी घालणार नाही.

त्या टाकीचा हिशेब सोपा आहे. २ × १ × १ फूट म्हणजे सुमारे ५७ लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता ४५ ते ५० लिटर पाणी उरतं. तासाला ते चार-पाच वेळा फिरावं असा ढोबळ ठोकताळा, म्हणजे २०० ते २५० लिटर. खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता, मोकळ्या तोंडाने मिळणारा असतो, तेव्हा ३०० लिटरचा पंप पुरे. फायटर मासा (बेटा) ठेवणार असाल तर त्याहूनही कमी, त्याच्या लांब परांना प्रवाह झेपत नाही. ‘मोठाच घ्या, दोन पैसे जास्त जातील’ हा सल्ला निदान इथे कानाआड करावा.

खोक्यावरचे डेसिबल? ते किती अंतरावरून आणि पंप कशावर ठेवून मोजले, हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. शिवाय नेहमीच्या मोजणीत कानाच्या संवेदनशीलतेनुसार ५० हर्ट्झच्या सुरातून ३० आणि १०० हर्ट्झच्या सुरातून १९ डेसिबल वजा केले जातात. मोजणीपुरतं ते बरोबर आहे. पण तुमच्या शोकेसची सैल काच त्या कंपाने खडखडू लागली, तर ती त्या आकड्यात कुठून येणार?

पाण्यातून हवेत येताना ध्वनीची जेमतेम हजारातला एक भाग ऊर्जा पार होते, बाकीची परत फिरते. बुडवलेला पंप आपल्याला शांत वाटतो त्याचं हे मोठं कारण. जो आवाज येतो तो बहुतेक पंप काचेला चिकटवणाऱ्या रबरी सक्शन कपातून काचेत आणि काचेतून स्टँडमध्ये उतरलेला. कप कडक झाले की ते वेळेवर बदलावेत. पण परत फिरलेला आवाज जातो कुठे? माशांकडेच. १८२० साली अर्न्स्ट वेबर यांनी दाखवून दिलं, की कार्पच्या कुळात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. गोल्डफिश, बार्ब, टेट्रा, कॅटफिश या सगळ्यांना ती आहे, आणि म्हणून ते काहीशे ते हजार हर्ट्झचे आवाज फार छान ऐकतात. गप्पी किंवा एंजलला ही सोय नाही. गोल्डफिशवाल्यांनी पंप हळू चालवायला हे आणखी एक कारण.

नवा पंप पहिल्यांदा खडखडला तर घाबरू नका, पातीच्या खोबणीत हवा अडकलेली असते. पाण्यातच तिरपा करून हलवला की ती निघून जाते. उन्हाळ्यात पातळी उतरली की पंप पुन्हा हवा ओढतो, पाणी भरलं की गप्प. काही महिन्यांनी सुरू होणारी खडखड वेगळी. बोअरच्या पाण्याचे क्षार रोटरवर आणि दांडीवर बसतात. आधी प्लग काढा, मग रोटर बाहेर ओढा, व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि स्वच्छ धुऊन मगच परत बसवा. दांडी झिजली असेल तर घासून काही होत नाही. तेव्हा पंप घेतानाच त्याचा सुटा रोटर आणि दांडी मिळते का, हे विचारून ठेवा. आणि घरात चौकोनी तरंगाचा स्वस्त इन्व्हर्टर असेल, तर लाइट गेल्यावर एसी पंप जरा जास्तच गुरगुरेल. तो पंपाचा दोष नाही, दुकानदाराशी त्यावरून भांडू नका.