जमीन पाणी धरते किती आणि देते किती?

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा, म्हणजे पुराचे पाणी जमिनीत जिरवण्याच्या योजनेचा, करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. त्याची बातमी वाचून जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील माझ्या ओळखीच्या एका केळी बागायतदाराने विचारले, “सर, पाणी जमिनीत जिरवतील ते खरं, पण जमीन ते परत देईल का?” त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता.

पृथ्वीवरील पाण्यापैकी गोडे पाणी जेमतेम अडीच टक्के आहे. त्यातील सुमारे दोन तृतीयांश बर्फात अडकलेले असून जवळजवळ तीस टक्के जमिनीखाली आहे. नद्या आणि तलाव यांच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. हे भूजल पाताळातील नद्यांमधून खळखळत वाहते, अशी समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. प्रत्यक्षात ते वाळूच्या कणांमधील फटींत, मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठलेले असते व अत्यंत संथपणे सरकते.

ज्या मातीत पोकळी जास्त, ती पाणीही जास्त देत असणार, असे कोणालाही वाटेल. पण तसे नसते. चिकणमातीत पोकळीचे प्रमाण निम्म्यापर्यंत असू शकते आणि जाड वाळूत ते त्याहून कमी असते. तरीही विहिरीला पाणी देते ती वाळूच. याचे कारण कणांच्या पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूचा दगडाचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे चिकणमातीच्या कणाइतकी, बाजू होईपर्यंत तुकडे करत गेलो, तर त्याच दगडाचा पृष्ठभाग सहा चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या फरशीएवढा होतो. पाणी या पृष्ठभागाला पातळ थराने चिकटून राहते आणि तो चिकटपणा गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. शिवाय पाणी वाहू देण्याची क्षमता साधारणपणे कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण दहापट बारीक झाला की वाट शंभरपट अवघड होते. १८५६ मध्ये फ्रान्समधील आंरी दार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून प्रवाहाचा जो नियम मांडला, त्याच्याच आधाराने आजही हा हिशेब होतो.

आता खान्देशाकडे पाहू. सातपुड्यावरून सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्या वेगाने उतरतात. पायथ्याशी उतार एकदम मोडतो, वेग पडतो आणि वाहून आणलेले धोंडे-गोटे तेथेच टाकले जातात. हाच बझाडा पट्टा. तापीकडे जावे तसे वाळू, रेती आणि चिकणमाती यांचे थर एकावर एक लागतात. पाणी जिरते मुख्यतः पायथ्याशी आणि उपसले जाते खाली, रावेर-यावलच्या केळीबागांत. जळगाव जिल्ह्याच्या दक्षिणेकडे आणि धुळे-नंदुरबारच्या बऱ्याच भागात मात्र काळ्या पाषाणाचे राज्य आहे. एक हेक्टर क्षेत्रात पातळी एक मीटर उतरली, तर वाळूचा थर सुमारे वीस लाख लिटर पाणी देतो, तर भेगाळलेला मांजऱ्या खडक, म्हणजे काळ्या पाषाणाचाच बुडबुड्यांसारख्या पोकळ्या असलेला प्रकार, साधारण दोन लाख लिटर. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून चांगले काम केले, परंतु खालचे थर न पाहता प्रत्येक गावी तोच खड्डा खणण्याचा जो उत्साह नंतर पसरला, त्याला भूशास्त्राचा आधार नाही.

येथे पाणाड्यांचाही उल्लेख करावा लागेल. तळहातावर नारळ उभा राहिला की तेथे पाणी, असे ते सांगतात. तापीकाठच्या गाळात बहुतेक ठिकाणी पाणी लागतेच, त्यामुळे नारळाची कीर्ती कायम राहते. कातळात बोअर कोरडी गेली, तर दोष शेतकऱ्याच्या नशिबाला दिला जातो.

त्या बागायतदारांना मी सांगितले, “भाऊ, गोट्यांच्या पट्ट्यात जिरवलेले पाणी जमीन देईल, मात्र पुराचे पाणी गढूळ असते, त्याची काळजी घ्या.” त्यांच्या शेताच्या कडेला पुनर्भरणाचा एक खड्डा होता. तळाशी गोटे असूनही त्यात आठ दिवस पाणी तुंबून होते आणि जमीनच पाणी घेत नाही, असे त्यांचे मत झाले होते. आम्ही पाणी उपसून पाहिले, तेव्हा गोट्यांवर बोटाच्या पेराएवढी चिकण साय धरलेली दिसली. त्यांनी ती फावड्याने खरवडून बाहेर टाकली आणि वर जाड रेतीचा थर पसरला. उपसलेले पाणी सकाळी पुन्हा खड्ड्यात सोडले, तेव्हा ते संध्याकाळपर्यंत जिरून गेले.