बर्फावर पडलेले दान

संगणकातल्या हॉकी लीगमध्ये खेळणारा आघाडीचा खेळाडू कधी जन्मलेलाच नसतो. त्याचा वेग, फटक्याची अचूकता, चकतीवरचा ताबा हे सगळे एका फाइलमधले आकडे असतात आणि त्याचा हंगाम म्हणजे त्या आकड्यांच्या आधाराने टाकलेली फाशांची काही हजार दाने असतात. असे असूनही त्याच्या नावाने होणाऱ्या गप्पा मात्र अगदी हाडामांसाच्या खेळाडूबद्दल व्हाव्यात तशाच होतात: हा सध्या भरात आहे, त्याचा हात बसेना, माझा गोलरक्षक मोठ्या सामन्यात कच खातो, आणि सगळ्यांत लाडके वाक्य म्हणजे, हा प्रोग्रॅम माझ्या संघावर खार खाऊन आहे.

येथे हॉकी म्हणजे आपल्या ओळखीची मैदानी हॉकी नव्हे, तर कॅनडा, अमेरिका आणि उत्तर युरोपात बर्फावर, चेंडूऐवजी चकतीने खेळली जाणारी आइस हॉकी. तिच्या आभासी लीगमध्ये सामना कोणी खेळत नाही. सदस्य संघांचे मॅनेजर असतात. ते खेळाडू निवडतात, अदलाबदल करतात, डावपेच ठरवतात, आणि ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवून सामन्याचे निकाल काढले जातात, ज्याला ही मंडळी ‘सिम’ म्हणतात. काही ठिकाणी त्यावर आणखी एक मजला चढवलेला असतो: याच आभासी खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला फँटसी संघ निवडायचा आणि त्यांच्या गोलांवर आणि साहाय्यांवर, म्हणजे गोलाआधी दिलेल्या पासांवर, गुण मोजायचे. फँटसी हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोचला आहेच. तेथे निदान फलंदाज तरी खरा असतो.

हा खेळ मला पोरकट वाटत नाही, कारण संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो एक दुर्मीळ सोय करून देतो. खऱ्या खेळाडूची कुवत आपल्याला कधीच थेट दिसत नाही. दिसतो तो फक्त निकाल, ज्यात कुवत आणि नशीब एकजीव झालेले असतात. आभासी लीगमध्ये मात्र कुवत आधीच लिहून ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यापलीकडे जे काही उरते ते नशीब किती, हे मोजता येते.

प्रोग्रॅमच्या पोटात काय चालते, ते तत्त्वतः सोपे आहे. चकती कोणाकडे गेली, फटका मारला गेला का, तो जाळीच्या दिशेने होता का, गोलरक्षकाने तो अडवला का, अशा प्रत्येक टप्प्यावर खेळाडूंच्या आकड्यांवरून एक संभाव्यता काढायची, ० ते १ यांच्या दरम्यानची एक यादृच्छिक संख्या घ्यायची, आणि ती त्या संभाव्यतेपेक्षा लहान निघाली तर घटना घडली असे समजायचे. ही संख्या संगणक सूत्राने तयार करतो, म्हणून तिला छद्म-यादृच्छिक म्हणतात. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘मर्सेन ट्विस्टर’ हे अशा सूत्रांपैकी एक. त्यातून निघणारी संख्यांची मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी जितक्या संख्या बाहेर पडतात, ती मोजदाद लिहायला सहा हजारांहून जास्त अंक लागतात. अशा मालिकेत कोणत्या मॅनेजरचा संघ खेळतो आहे याची नोंद नसते, तेव्हा खार खाण्याचा प्रश्नच येत नाही. फाशांनी जग चालवून पाहण्याची ही कल्पना हॉकीहून बरीच मोठ्या कामासाठी जन्मली: १९४६ मध्ये आजारपणातून उठत असताना स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते आणि डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजणे सोपे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती पद्धत लॉस अलामोस येथील अमेरिकी अणुप्रयोगशाळेत न्यूट्रॉनांच्या गणितासाठी वापरली, आणि पुढे ती ‘माँटे कार्लो’ या नावाने प्रसिद्ध झाली.

आता गोलांकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, एक संघ ६० मिनिटांच्या सामन्यात जाळीच्या दिशेने साधारण ३० फटके मारतो आणि त्यांतले सुमारे तीन आत जातात. संधी पुष्कळ आणि प्रत्येक संधी फळाला येण्याची शक्यता लहान, अशी स्थिती असली की घटनांची संख्या प्वासाँ वितरणाच्या, म्हणजे विरळ घटना किती वेळा घडतील याची शक्यता सांगणाऱ्या सूत्राच्या, जवळ जाते. या वितरणाचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी दिले: प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून मेलेले सैनिक. दहा सैन्यदलांची वीस वर्षांची नोंद, म्हणजे २०० दलवर्षे, त्यांत १२२ मृत्यू. एकही मृत्यू न झालेली दलवर्षे गणिताने १०८.७ असायला हवी होती आणि प्रत्यक्षात ती १०९ निघाली. लाथ आणि गोल यांच्यात साम्य एवढेच की दोन्ही विरळ असतात आणि वेळ ठरवून येत नाहीत.

सरासरी तीन गोलांचा संघ याच गणिताने वीसपैकी एका सामन्यात एकही गोल करत नाही आणि जवळपास तितक्याच सामन्यांत बरोबर सहा गोल करतो. दोन्ही दिवशी त्याच्या फाइलमधले आकडे तेच असतात. याहून बोलके उदाहरण म्हणजे सरासरी ३.३ आणि २.७ गोलांच्या दोन संघांची गाठ. पहिला संघ स्पष्टपणे वरचढ आहे, पण नियमित वेळेत तो निम्म्याहून थोड्याच जास्त सामन्यांत जिंकेल, सुमारे एक तृतीयांश सामने हरेल आणि उरलेल्यांत बरोबरी होईल. कच खाण्याचा आरोप ज्या सामन्यांनंतर होतो, त्यांतले बरेचसे या एक तृतीयांशात बसतात.

पूर्ण हंगाम खेळला की नशीब धुऊन निघते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. समजा, एनएचएलच्या ३२ संघांची ताकद तंतोतंत सारखी आहे आणि ८२ सामन्यांपैकी प्रत्येकाचा निकाल नाणे उडवून लावला. तरीही अव्वल संघ ५० च्या आसपास सामने जिंकेल, तळाचा ३२ च्या आसपास, आणि अव्वल संघाच्या मॅनेजरला आपल्या दूरदृष्टीवर व्याख्यान देता येईल. खरी ताकद असलेल्या संघालाही छोट्या मालिकेत दान उलटे पडू शकते. बॉस्टन ब्रुइन्स संघाने २०२२-२३ च्या हंगामात ८२ पैकी ६५ सामने जिंकून एनएचएलचा विक्रम केला, आणि बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना तो फ्लोरिडा पँथर्सकडून हरला. हा निकाल एखाद्या सिममध्ये लागला असता तर प्रोग्रॅममध्ये दोष आहे असे नक्की म्हटले गेले असते.

फँटसीचे गुणांकन या नशिबाचे प्रमाण बदलते, आणि या साऱ्या विषयातला हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे, हे प्रत्येक मंडळ आपापले ठरवते आणि बहुधा ते चवीचा प्रश्न म्हणून ठरवते. खरे तर तेथे नकळत संख्याशास्त्राचा निर्णय होत असतो. विरळ घटनांच्या संख्येत होणारी निव्वळ नशिबाची चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. ज्या खेळाडूकडून कुवतीप्रमाणे २० गोल, ३५ साहाय्ये आणि २०० फटके अपेक्षित आहेत, त्याच्या गोलांत सुमारे साडेचारची चढउतार होते, म्हणजे २२ टक्के. केवळ गोलांना गुण दिले तर हीच टक्केवारी त्याच्या गुणांची झाली. गोलाला ३ आणि साहाय्याला २ गुण दिले की अपेक्षित गुण १३० होतात आणि चढउतार १४ टक्क्यांवर येते. त्यात प्रत्येक फटक्याला अर्धा गुण जोडला तर गुण २३० आणि चढउतार ८ टक्के. (तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे येथे मानले आहे, प्रत्यक्षात त्या थोड्या गुंतलेल्या असतात.) खेळाडू तोच, हंगाम तोच, पण तिसऱ्या पद्धतीत चांगला निवडकर्ता वर येण्याची शक्यता बरीच जास्त.

मग फटके, टक्कर, अडवलेले फटके अशा सगळ्या गोष्टींना भरघोस गुण का देऊ नयेत? कारण स्थिर असलेली प्रत्येक गोष्ट उपयोगी असतेच असे नाही. टक्कर ही ज्याच्याकडे चकती आहे त्याला दिली जाते. ज्या संघाचे खेळाडू सारख्या टकरा देत आहेत, त्याच्याकडे बहुधा चकती नाही. अशा गुणांकनात नशीब कमी होते हे खरे, पण मोजले जाते ते चांगल्या हॉकीपेक्षा वेगळेच काहीतरी. साहाय्याच्या भारांकाचाही असाच पेच आहे, कारण एका गोलासाठी दोघांना साहाय्याचे श्रेय मिळू शकते. वेन ग्रेट्झ्की यांनी एनएचएलमध्ये ८९४ गोल केले आणि १९६३ साहाय्ये दिली. ती साहाय्येच दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या गोल-साहाय्यांच्या एकूण बेरजेपेक्षा जास्त आहेत. साहाय्य गोलाच्या निम्म्या मोलाचे ठरवले की ग्रेट्झ्की थोर राहतातच, पण त्यांच्यासारख्या पासवर जगणाऱ्या सामान्य खेळाडूचा भाव एकदम पडतो.

गोलरक्षकाबाबत तर गणित निर्दय आहे. हजारपैकी ९०५ फटके अडवण्याची खरी कुवत असलेला गोलरक्षक हंगामात १५०० फटक्यांना सामोरा गेला, तर केवळ नशिबाने त्याचा आकडा ८९७ ते ९१३ यांच्या दरम्यान फिरत राहतो, आणि तीनपैकी एका हंगामात याही पट्ट्याबाहेर जातो. आता ९१० आणि ९०० अशा कुवतींचे दोन गोलरक्षक घेतले, तर सुमारे सहापैकी एका हंगामात कमी कुवतीचा पुढे दिसतो. पूर्ण हंगामानंतर ही अवस्था, तर आठवड्याभराच्या तीन सामन्यांवरून गोलरक्षक बदलणाऱ्यांच्या हाती काय लागत असेल, हे सांगायला नको.

गप्पांमध्ये सर्वाधिक वेळ मात्र जातो तो सलग घडणाऱ्या गोष्टींवर. वर सांगितलेला वीस गोलांचा खेळाडू दहा सामने गोलाविना गेला की त्याला विकून टाकण्याची चर्चा सुरू होते. हिशेब केला तर ८२ सामन्यांच्या हंगामात निदान एकदा असा दहा सामन्यांचा दुष्काळ त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता चारपैकी सुमारे तीन आहे. म्हणजे दुष्काळ न येणे हीच खरी बातमी. हात बसण्याच्या, म्हणजे एकदा जमले की पुढेही जमत राहते या समजुतीवर थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये बास्केटबॉलच्या नोंदी तपासून ती केवळ भास असल्याचा निष्कर्ष काढला होता. पुढे २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो यांनी त्या मोजणीतच एक सूक्ष्म खोट दाखवली. नाणे तीनदा उडवा, छाप्यानंतर पुन्हा छापा पडण्याचे प्रमाण त्या तीन दानांत मोजा, आणि जेथे ते मोजता येते अशा सर्व शक्यतांची सरासरी काढा; ती अर्धी न येता पाच बारांश येते. थोड्या दानांत सलगपणा मुळातच कमी मोजला जातो, म्हणून खऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हात बसणे पूर्णपणे भ्रामक आहे असे आता ठासून म्हणता येत नाही. सिममध्ये मात्र, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने खेळाडूचा ‘भर’ मुद्दाम घातला नसेल तर, तो नसतोच. आणि तरीही तो सगळ्यांना दिसतो.

यावर उपाय म्हणून संख्याशास्त्रज्ञ आकडा सरासरीकडे ओढून घेतात. पहिल्या ५० फटक्यांत १० गोल करणाऱ्याचे यश २० टक्के दिसते. लीगची सरासरी १० टक्के असेल तर त्याच्या खात्यात सरासरी दर्जाचे आणखी २०० फटके मनाने जोडावेत, म्हणजे २५० फटक्यांत ३० गोल, अर्थात १२ टक्के. किती फटके जोडायचे हे खेळाडूंच्या कुवतीत मुळात किती फरक आहे त्यावर ठरते, येथला २०० हा आकडा नमुन्यादाखल आहे. हॉकीत याच विचाराचे एक लोकप्रिय माप ‘पीडीओ’ या नावाने ओळखले जाते: संघाच्या गोलयशाची आणि फटके अडवण्याची टक्केवारी यांची बेरीज. सगळ्या लीगची मिळून ती १०० च असते, त्यामुळे १०३ वर असलेला संघ बहुधा खाली येणार आणि ९७ वरचा वर जाणार. ही अक्षरे कशाचीही आद्याक्षरे नाहीत. ते एका चाहत्याने आंतरजालावर घेतलेले टोपणनाव होते, आणि गप्पांतून निघालेले ते नाव विश्लेषकांच्या तक्त्यांत कायमचे जाऊन बसले.

साधे प्वासाँ गणित सगळीकडे पुरत नाही, हेही नोंदवले पाहिजे. पिछाडीवरचा संघ जास्त फटके मारू लागतो. शेवटच्या मिनिटांत तो गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवतो आणि रिकाम्या जाळीत भराभर गोल होतात. शिवाय जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण मिळत असल्याने बरोबरीत असलेले संघ अखेरीस जपून खेळतात. चांगला प्रोग्रॅम या सवयी संभाव्यतांत मिसळतो आणि वाईट प्रोग्रॅम मिसळत नाही. तेव्हा निकालावर शंका घ्यायची असेल तर ती येथे घेण्यात अर्थ आहे.

छद्म-यादृच्छिक मालिकेला सुरुवातीला एक संख्या द्यावी लागते, तिला बीज म्हणतात. ५-० ने हरलेला सामना त्याच बीजाने पुन्हा चालवला तर तोच गोलरक्षक तेच पाच फटके त्याच मिनिटांना सोडतो, कितीही वेळा चालवला तरी. बीज एकाने वाढवले की तोच गोलरक्षक, त्याच आकड्यांनिशी, कदाचित एकही गोल होऊ देत नाही.